अपॉइंटमेंट मिळते, अपॉइंटमेंट लेटर मिळत नाही

मागच्या सोमवारी सकाळी एका ओळखीच्या शेतकऱ्याचा फोन आला. "दादा, पोरीला पुण्याला नोकरी लागली. अपॉइंटमेंट लेटर आलंय मोबाइलवर. जरा बघता का?"

बघितलं. लेटर नव्हतं. इंग्रजीत तीन ओळींचा मेसेज होता. अमुक तारखेला, सकाळी साडेदहाला, अमुक बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर तुमची अपॉइंटमेंट फिक्स झाली आहे. येताना दोन फोटो, आधार कार्ड आणि अडीच हजार रुपये घेऊन येणे. 'अपॉइंटमेंट' हा शब्द होता, एवढंच खरं. बापाने त्याचा अर्थ नेमणूक असा घेतला. पाठवणाऱ्याला भेटीची वेळ म्हणायचं होतं. बापाने तसाच अर्थ घ्यावा ही पाठवणाऱ्याची इच्छा असणार, पण ते आपलं माझं मत.

जाहिरात कुठली, तर आपल्या अंबाजोगाईच्या बसस्थानकावरची. तुम्हीही वाचली असेल. दहावी, बारावी, पदवीधर, पास किंवा नापास. ऑफिस काम, पॅकिंग, सुपरवायझर. पगार १५ ते २२ हजार. राहणं-जेवण मोफत. मार्केटिंग नाही. खाली एक मोबाइल नंबर. कंपनीचं नाव नाही, पत्ता नाही, माल काय त्याचा पत्ता नाही. 'मार्केटिंग नाही' असं मुद्दाम लिहिलेलं असलं की काम मार्केटिंगचंच असतं. 'उधार बंद आहे' ही पाटी दुकानदार तिथंच लावतो, जिथं उधारी चालते.

हे मला कळतं कारण १९९९ साली मीही अशाच एका दुसऱ्या मजल्यावर जाऊन आलोय. तेव्हाचं औरंगाबाद. बी.ए.ची परीक्षा दिलेली, पत्रकारितेचा डिप्लोमा अजून डोक्यातही नव्हता. पेपरातल्या 'पाहिजेत' सदरात 'मॅनेजमेंट ट्रेनी' असं छापलेलं. घरातून निघताना आईने हातावर दही घातलं होतं. ऑफिसात तीसेक पोरं. मुलाखतीत शिक्षणाचं कोणी काही विचारलं नाही. विचारलं ते हे: वडील काय करतात, मामा किती, काका किती, त्यांच्यात नोकरदार किती. मला वाटलं साहेब फारच आपुलकीने चौकशी करतोय.

तीन दिवस ट्रेनिंग, बिनपगारी. मग दीड हजार डिपॉझिट भरून रेक्झिनची बॅग हातात आली. आत सुऱ्या, सोलाणं, किसणी, कात्री. पहिलं काम म्हणजे एका कागदावर पन्नास नावं लिहायची. नातेवाईक, शिक्षक, डॉक्टर, शेजारी. मग एसटीडी बूथवरून एकेकाला फोन लावून अपॉइंटमेंट घ्यायची. वाक्य पाठ करून घेतलेलं होतं: मी काही विकायला येत नाही, माझं ट्रेनिंग चालू आहे, तुम्ही फक्त बघा आणि अभिप्राय द्या. अकरा अपॉइंटमेंटा झाल्या, तीन सेट गेले. एक आत्याने घेतला, एक मावशीने, एक शाळेतल्या सरांनी. आत्याने भिशीचे पैसे काढून दिले होते, ते मला नंतर कळलं. नातेवाईक संपले तशी नोकरीही संपली. सहा आठवड्यांत बसभाडं, बूथचं बिल आणि न परतलेलं डिपॉझिट धरून मीच पदरचे घालून आलो. सुरी मात्र चांगली होती हो. आत्याकडे अजून आहे, ती तिने कांदा चिरते.

त्या पन्नास नावांच्या कागदामागे केवढा मोठा इतिहास आहे, ते पुढे पत्रकारितेत आल्यावर वाचत गेलो. तो थोडा सांगतो.

दारावर येऊन विकणं आपल्याला नवीन नाही. बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडी देत आली, कल्हईवाला आला, पठाण सुकामेवा आणि कापड उधारीवर देऊन गेला. कासाराला तर बोलावणं धाडावं लागायचं. लग्नाचा चुडा भरायचा म्हणजे तो ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी घरी येणार, ओसरीवर सतरंजी टाकून बसणार, बायकांना बांगड्या भरणार. अपॉइंटमेंट घेऊन केलेली विक्रीच ती. पण माल कासाराचा, भांडवल कासाराचं, नफा-तोटा कासाराचा. आपण व्यापारी आहोत हे त्याला पक्कं माहीत होतं. 'मला नोकरी लागली' असं त्याने कधी घरी सांगितलं नाही.

कंपनीचा माणूस दारात आला तो शिवणयंत्राबरोबर. अमेरिकेच्या सिंगर कंपनीने १८७० च्या दशकात हिंदुस्थानात हातपाय पसरले आणि मुंबईचे नसरवानजी मेरवानजी पटेल हे पारशी गृहस्थ कित्येक वर्षं तिचे इथले मुख्य एजंट होते. सिंगरची जगभरची रीत अशी की यंत्र हप्त्याने द्यायचं आणि गिऱ्हाईक शोधायला व हप्ता वसूल करायला माणसं फिरती ठेवायची. 'कॅन्व्हासर' हा शब्द आपल्याकडच्या जुन्या पेपरात दिसतो तो अशा फिरत्या विक्रेत्यांचा.

मग विमा एजंट. १ सप्टेंबर १९५६ ला २४५ विमा कंपन्या आणि सोसायट्या एकत्र करून आयुर्विमा महामंडळ उभं राहिलं, आणि तालुक्या-तालुक्यात एजंट तयार झाले. कित्येक गावांत एजन्सी गुरुजींच्या बायकोच्या नावावर आणि पॉलिसी विकणारे गुरुजी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेही काम कमिशनचंच. पण लायसन्स लागायचं, कमिशन किती ते कायद्याने ठरलेलं, आणि हे कमिशनवरचं काम आहे हे करणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असायचं.

चित्र बदललं ते १९८२ नंतर. त्या साली टाटा समूहातली तेव्हाची फोर्ब्स कंपनी आणि स्वीडनची इलेक्ट्रोलक्स यांनी मिळून युरेका फोर्ब्स काढली. इलेक्ट्रोलक्सचा संस्थापक आक्सेल वेनर-ग्रेन हा स्वतः हाडाचा विक्रेता. व्हॅक्युम क्लीनर दुकानात ठेवून खपत नाही, तो घरात नेऊन गालिच्यावर चालवून दाखवावा लागतो, ही त्या पंथाची शिकवण. आपल्याकडे गालिचे किती घरात? तरी ती पद्धत चालली, आणि मागून आलेल्या पाण्याच्या फिल्टरने तर शहरातलं मध्यमवर्गीय स्वयंपाकघर काबीज केलं. भर उन्हात टाय लावून दुपारी बेल वाजवणारा पोरगा हे नव्वदच्या दशकाचं ओळखीचं चित्र झालं. त्या कंपनीचं यश बघून पुढे ज्या शेकडो लहान-मोठ्या मंडळींनी टाय आणि बॅग उचलली, त्यांच्याकडे ना नाव होतं ना टिकाऊ माल. त्यांच्याकडे होती ती फक्त 'पाहिजेत'ची जाहिरात.

कमिशनवर दारोदार विकायला माणसं लागतात ती शेकड्याने, कारण बहुतेकजण महिन्या-दोन महिन्यांत गळतात. जुनी गेली की नवी आणायची. 'कमिशनवर घरोघर विकायला माणसं हवीत' असं खरं लिहिलं तर येणार किती? म्हणून ऑफिस, सुपरवायझर, ट्रेनी. आलेल्या पोराला पगार द्यायचा नसल्यामुळे किती आले याची चिंता नाही. उलट जितके जास्त, तितक्या पन्नास नावांच्या याद्या जास्त. विकला गेला नाही तरी प्रत्येकजण आत्या-मावशी मिळून दोन-तीन सेट खपवूनच जातो. मी गेलो तसा.

ही युक्ती आपल्या मातीतली नाही, आणि तिच्यावरचा सगळ्यात वाचण्यासारखा निकालही तिकडचाच, अमेरिकेतला. आरोपी कोण, तर एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका! ज्ञानकोश विकणारी, कपाटात सोनेरी अक्षरांनी मिरवणारी ती. तिकडच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७६ साली तिच्याविरुद्ध आदेश काढला. दोन गोष्टी सिद्ध धरल्या. एक, नोकरीच्या जाहिरातीत काम विक्रीचं आहे हे सांगितलं जात नव्हतं. पोरं भलत्याच कामाच्या आणि चांगल्या पगाराच्या आशेने यायची आणि कमिशनवर ज्ञानकोश विकायला लागायची. दोन, तीच पोरं लोकांच्या घरात शिरायची ती सर्वेक्षणाच्या नावाखाली. हातात प्रश्नावली, म्हणे अभिप्राय हवाय. प्रश्न संपले की पुस्तकं बाहेर.

'मी विकायला येत नाही, फक्त अभिप्राय द्या.' हे वाक्य मी औरंगाबादच्या बूथवर पाठ म्हणत होतो, त्याच्या तेवीस वर्षं आधी त्यावर निकाल लागून गेला होता!

त्या आदेशात एक साधा उपाय होता. दारात उभ्या राहिलेल्या विक्रेत्याने आत पाऊल टाकण्याआधी तीन बाय पाच इंचांचं कार्ड पुढे करायचं. त्यावर लिहिलेलं असणार की हा विक्री प्रतिनिधी आहे आणि विकायला आलाय. घरच्या माणसाला ते वाचू द्यायचं, मग बोलायचं. कंपनी अपिलात गेली. १९७९ मध्ये वरच्या कोर्टाने आदेश कायम ठेवला. मला यात आवडतं ते हे की कमिशनने दोन्ही फसवणुकी एकाच आदेशात धरल्या. दारातल्या बाईला फसवणारा पोरगा आधी स्वतः जाहिरातीत फसलेला असतो, हे त्यांनी कागदावर आणलं.

म्हणून तिकडे प्रकार थांबला का? नाही. १९८१ पासून तिथे व्हेक्टर मार्केटिंग नावाची कंपनी कॉलेजच्या पोरांकडून कटको ब्रँडच्या सुऱ्या विकून घेते, आधी अपॉइंटमेंट घेऊन, सुरुवात ओळखीच्या घरांपासून. होय, सुऱ्याच. वाचलं तेव्हा मी उठून पाणी पिऊन आलो. भरतीच्या पद्धतीवरून १९९४ साली विस्कॉन्सिन राज्याच्या सरकारने तिच्याविरुद्ध आदेश काढला. पुढे कॅलिफोर्नियात बिनपगारी ट्रेनिंगबद्दल पोरं कोर्टात गेली आणि कंपनीला सुमारे १ कोटी ३० लाख डॉलरवर तडजोड करावी लागली. तरी एक फरक सांगायला हवा. तिथे ठरलेली अपॉइंटमेंट नीट पार पडली तर काही विकलं गेलं नाही तरी ठरावीक पैसे देण्याची पद्धत आहे. आमच्या अकरा अपॉइंटमेंटांना कोणी चहाही पाजला नाही. म्हणजे आत्याने पाजला, कंपनीने नाही.

आता आपल्याकडचा कायदा. योगायोग बघा, तोही १९७६ चाच. औषध कंपन्यांचे एमआर, ज्यांना आपण दवाखान्याबाहेर बॅग घेऊन बसलेले बघतो, त्यांच्या संघटना होत्या. कारखान्यातल्या कामगाराला जे संरक्षण आहे ते आम्हाला का नाही, असं विचारत त्यांचं गाऱ्हाणं राज्यसभेच्या याचिका समितीपर्यंत गेलं. त्यातून विक्री संवर्धन कर्मचारी कायदा आला. त्याचं पाचवं कलम एवढंच सांगतं की अशा प्रत्येक कर्मचाऱ्याला मालकाने अपॉइंटमेंट लेटर दिलंच पाहिजे. दुसरं कितीतरी मागता आलं असतं, पण पोरांनी कागद मागितला तो उगाच नाही. कागद नसेल तर रजा, पगार, भरपाई यातलं काहीच कोर्टात सिद्ध होत नाही.

तो कायदा आधी फक्त औषधांच्या धंद्याला होता. जानेवारी २०११ मध्ये केंद्राने आणखी दहा उद्योग त्यात घातले. सौंदर्यप्रसाधनं, साबण, तयार कपडे, बिस्किटं, विजेची उपकरणं, रंग वगैरे. म्हणजे मिक्सर विकणाऱ्या पोरालाही कागद मिळायला हवा होता. गेल्या वर्षी २१ नोव्हेंबर २०२५ ला चार कामगार संहिता लागू झाल्या, हा जुना कायदा त्यात विरघळला आणि नेमणूकपत्र सरसकट सगळ्याच कर्मचाऱ्यांना देणं बंधनकारक झालं. बातमी मीही दिली होती, चार कॉलम.

मग बसस्थानकावरचं पोस्टर कसं टिकतं? कारण दुसरीकडे एक दार उघडं आहे. थेट विक्रीबद्दल केंद्राने २०१६ साली मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २८ डिसेंबर २०२१ ला ग्राहक संरक्षण कायद्याखाली नियम केले. नियम चांगले आहेत. विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ किंवा संमती घेतल्याशिवाय कोणाच्या घरी जायचं नाही. बोलणं सुरू करतानाच आपण कोण, कुठल्या कंपनीचे, काय विकतो हे खरं सांगायचं. ब्रिटानिकाचं कार्ड पंचेचाळीस वर्षांनी आपल्या दारात पोहोचलं म्हणा. साखळी योजनांना बंदी आहे, ती तर १९७८ च्या कायद्यापासूनच आहे. पण याच नियमांत थेट विक्रेता म्हणजे कोण त्याची व्याख्या आहे. कंपनी आणि तो यांच्यातला व्यवहार हा दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांमधला व्यवहार. कर्मचारी आणि मालकाचा नव्हे.

म्हणजे दहावी नापास पोरगी, जिच्या पर्समध्ये परतीच्या तिकिटाचे पैसे नाहीत, ती कायद्याच्या लेखी कासार! तिला नेमणूकपत्र लागत नाही, किमान वेतन लागत नाही, ट्रेनिंगचे पैसे लागत नाहीत. सही करून घेतलेल्या कागदावर बारीक अक्षरात हेच असतं. खरा थेट विक्रीचा धंदा करणाऱ्यांना ही व्याख्या सोयीची आहे आणि त्यात गैर काही नाही, ज्याला व्यापार करायचा त्याने करावा. पण पोस्टरवर 'पगार' लिहायचा आणि करारात 'व्यापारी', ही दुटप्पी चाल आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची ग्राहक कायद्यातली व्याख्या बघायला गेलात तर ती वस्तू किंवा सेवेच्या जाहिरातीची आहे. नोकरी शोधणारी पोरगी ग्राहक नाही. ग्राहक नाही, कामगार नाही. राहिलं पोलीस ठाणं आणि फसवणुकीचं कलम, आणि अडीच हजार रुपयांसाठी ठाणेदार किती उत्साहाने कागद पुढे ओढतो ते तुम्हाला माहीत आहे.

आणि आमच्या धंद्याचंही सांगतो, नाहीतर म्हणाल पत्रकार दुसऱ्याचंच झाकण उघडतो. या जाहिराती भिंतीवर आल्या त्या अलीकडे. आधी त्या पेपरात होत्या. तळाला एक चौकट असायची, जाहिरातीतील मजकुराची वाचकांनी स्वतः खातरजमा करावी. चौकट छापली की आमचं काम झालं. २००५-०६ च्या सुमारास मी तालुका वार्ताहर असताना अशा 'पाहिजेत' जाहिराती स्वतः गोळा करून पाठवल्यात. कारण तालुका वार्ताहराला पगार नसतो, जाहिरातीवर कमिशन असतं. एकदा एक पोरगा कात्रण घेऊन माझ्याच दारात आला, म्हणाला, "सर, ही तुमच्या पेपरातली कंपनी, तिथं पैसे बुडाले." मी त्याला चौकट दाखवली. त्याने ती वाचली, कात्रणाची घडी घालून खिशात ठेवली आणि गेला. आणि हो, त्या पेपरात मी नऊ वर्षं काम केलं. अपॉइंटमेंट लेटर मलाही नव्हतं.

परत सोमवारकडे. त्या शेतकऱ्याला आणि पोरीला संध्याकाळी घरी बोलावलं आणि त्यांच्यासमोर स्पीकर लावून नंबर फिरवला. एक बाई फार गोड बोलत होती. मी विचारलं, पगार की कमिशन? "सर, परफॉर्मन्सवर डिपेंड आहे." नेमणूकपत्र? "ते ट्रेनिंग झाल्यावर." अडीच हजार कशाचे? "रजिस्ट्रेशन आणि युनिफॉर्म." थेट विक्रीच्या धंद्यात नोंदणी फी घ्यायची नाही असं २०१६ च्या सूचनांतच आहे, हे मी सांगितलं. तर बाई म्हणाली, "सर, आमची डायरेक्ट सेलिंग नाही, जॉब आहे." मग जॉब असेल तर लेटर द्या. फोन कट.

बापाने नुसता सुस्कारा टाकला. पोरगी मात्र माझ्यावर चिडली. तिचं म्हणणं, तिची बारावीतली मैत्रीण जूनपासून तिथंच आहे, खोटं असतं तर ती परत आली नसती का? आणि नंबर तर त्या मैत्रिणीनेच कंपनीला दिलाय, पोस्टर नंतर दिसलं. मी विचारलं, मैत्रिणीने तिथं गेल्यावर नावांची यादी लिहून दिली होती का? पोरगी जरा वेळ गप्प बसली. म्हणाली, हो, पन्नास मैत्रिणी-नातेवाइकांची नावं घेतली होती म्हणे, सगळ्यांचीच घेतात.

शुक्रवारचं तिकीट त्यांनी रद्द केलंय. जाताना पोरीने दारात चप्पल घालता घालता विचारलं, "मग काका, इथं काय करू?" एमआयडीसीचं, कॉम्प्युटर क्लासचं काहीतरी बोललो मी. तिलाही कळलं, मलाही कळलं.

मैत्रिणीचा फोन मंगळवारपासून लागत नाही. तिच्या वडिलांशी बोललोय, येत्या शनिवारी रात्रीच्या गाडीने आम्ही दोघं पुण्याला जातोय. त्याच दुसऱ्या मजल्यावर, अपॉइंटमेंट न घेता. आपल्या तालुक्यातलं आणखी कोणाचं लेकरू तिथं असेल तर मला शुक्रवारपर्यंत कळवा. नाव कुठं छापणार नाही. काय दिसतं ते परत आल्यावर लिहितो.